जुनं बीच कॅटामरान घेताना: परदेशातल्या सेनगावकरांकडून

सेनगाव तालुक्यातून बाहेर पडलेल्या कुटुंबांसाठी ही पुस्तिका आहे. घरभाडं, शाळा, लायसन यांवर पानंच्या पानं आली. बोटीचा विषय काढला तेव्हा तिघांनीच लिहून पाठवलं, म्हणून हे प्रकरण असं वाकडंतिकडं झालंय. आपल्याकडं पाणी म्हणजे येलदरीचं धरण, नाहीतर पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी कयाधू. तिथून निघालेला माणूस पहिल्याच उन्हाळ्यात वाळूवर उभं असलेलं कॅटामरान बघतो (दोन निमुळते पोकळ हल, मध्ये ताणलेलं ट्रॅम्पोलिन, वर रंगीत शीड) आणि जुनं स्वस्तात मिळतंय म्हटल्यावर हरखून जातो.

मेलबर्नहून

पहिली बोट होबी १६ घ्या. साडेसोळा फूट लांब, वजन १४५ किलोच्या आसपास. होबी आल्टर यांनी १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियात आणली, आजवर एक लाखावर बनल्या. त्यामुळे सुटे भाग कुठंही मिळतात. खाली सेंटरबोर्ड (तळातून पाण्यात उतरणारी फळी) नाही, थेट वाळूवर चढवता येते. इंग्लंडात असाल तर डार्ट १८ बघा. तिला बूमच (शिडाखालचा आडवा दांडा) नाही, डोक्यात टोला बसायची भीती नाही. लेकरं घेऊन फिरायचं असेल तर होबी वेव्ह किंवा गेटअवे. प्लास्टिकच्या, जड, संथ, पण धडकल्या तरी सहसा काही होत नाही. नॅक्रा १७ ही २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, ती टीव्हीवर बघावी.

तपासणी हलपासून सुरू करा. दोन हल जोडणाऱ्या पुढच्या क्रॉसबारच्या पुढं, डेकवर, दोन्ही अंगठ्यांनी दाबत चला. फायबरच्या दोन थरांमध्ये फोम असतो. तो सुटला की तिथं डेक दबतं. मग नाण्यानं ठोका. चांगला भाग टकटक वाजतो, सुटलेला भाग भद्द. तळव्याइतकी जागा भद्द वाजली तर विकणाऱ्याला नमस्कार करून घरी या. दुरुस्ती होते म्हणणारे भेटतील. नवख्यानं त्या फंदात पडू नये.

बोट आडवी करून तळ बघा. वाळूवर ओढून ओढून मागचा भाग झिजलेला असतो, कधीकधी आतलं कापड दिसतं. गळती बघायची तर सांध्यांवर साबणाचं पाणी लावा आणि मागच्या बुचाच्या भोकातून तोंडानं फुंका. फुगे आले तिथं गळती. कंप्रेसर अजिबात लावायचा नाही, हल फाटतो.

डोलकाठी हलवून ऐका. आत पाणी खळखळलं तर ती हवाबंद राहिलेली नाही. अशी बोट कलंडली की आडवी न राहता पूर्ण पालथी होते, मग दोघांच्यानं सरळ होत नाही. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांवरून सुती फडकं फिरवा. धागा अडकला तिथं तार तुटायला लागलीय. ट्रॅम्पोलिनची शिवण नखानं ओढा. रिव्हेटभोवती पांढरी पावडर म्हणजे ॲल्युमिनियम खारलं. सुकाणू हातात धरून डावीउजवीकडे हलवा, खडखड करत असेल तर पिना आणि बुशिंग बदलायचा खर्च धरा.

नवं शीड, नवं ट्रॅम्पोलिन आणि नव्या तारा मिळून जुन्या बोटीच्या किमतीच्या पुढं जातात. म्हणून मोडकी स्वस्त बोट महागच पडते.

ट्रेलर: बेअरिंगला ग्रीस, टायरवरचा चार आकडी कोड (पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे), दिवे. झालं.

ह्यूस्टनहून

बोट कशी बघायची ते वर आलंच असेल. कागद कसे बघायचे ते मी सांगतो, कारण त्यात माझं एक आख्खं वर्ष गेलं.

टेक्सासात चौदा फूट किंवा त्याहून लांब शिडाच्या बोटीला, इंजिन नसलं तरी, नोंदणी लागते. बोटीचे कागद एका खात्याचे, ट्रेलरचे दुसऱ्या. ही दोन खाती एकमेकांशी बोलत नाहीत. मी ज्याच्याकडून घेतली त्या भल्या माणसाच्या वडिलांची बोट. वडील वारले, टायटल (मालकीचा कागद) त्यांच्याच नावावर. आपण वारसाचा फेरफार झाल्याशिवाय सातबाऱ्यावरची जमीन घेत नाही, मग इथं का घ्यावी? पैसे मोजायच्या आधी टायटलवरचं नाव आणि समोरच्याचं ओळखपत्र जुळवा, एवढं केलंत तरी माझे कष्ट सार्थकी लागले.

दुसरा घोळ हलच्या नंबरचा. अमेरिकेत नोव्हेंबर १९७२ पासून प्रत्येक बोटीच्या मागच्या बाजूला, उजव्या हाताला, बारा अक्षरी नंबर असतो. माझ्या जुन्या कागदावर कुणीतरी शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ टाइप केलेला. त्या नंबरातल्या मधल्या अनुक्रमांकात ‘ओ’ हे अक्षर वापरायलाच मनाई आहे. हे मी नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंना नियम छापून नेऊन दाखवलं. त्या म्हणाल्या, फोटो आणा. फोटो नेला, तर म्हणाल्या, नंबर झिजलाय, नीट दिसत नाही. पेन्सिलनं कागदावर ठसा घासून नेला, तो त्यांना खेळ वाटला. त्या उन्हाळ्यात बोट माझ्या ड्राइव्हवेत उभी, शेजारी रोज विचारायचे, आणि बायको उत्तर द्यायची.

इतर राज्यांत, इतर देशांत नियम वेगळे आहेत. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये साडेपाच मीटरच्या आतल्या बिनइंजिनाच्या बोटीला नोंदणी लागत नाही म्हणे, सुखी माणसं. विम्याचं मला माहीत नाही, मी काढला तेवढा काढला.

आणि एक. होबी १६ ची डोलकाठी आठ मीटरची, ॲल्युमिनियमची. उभी करण्याआधी वर बघा. शेतात लोंबकळणाऱ्या विजेच्या तारांखाली आपण मोठे झालोय, इथं मात्र माणूस विसरतो. इथं तारेला लागून माणसं गेली, म्हणून होबीनं पुढं डोलकाठीचा वरचा भाग फायबरचा केला. तसा आहे का बघून घ्या.

साउथॅम्प्टनहून

वरील दोन्ही बंधूंनी यंत्राची माहिती दिली, मी मनाची देते. मुलांना बोटीवर शीड, सुकाणू, डोलकाठी, नांगर हेच शब्द शिकवा. आंग्र्यांच्या गलबतांचे वारस आपण, आणि आपली मुलं ‘मास्ट’ म्हणतात! कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’वरून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, तसं करणारे ते पहिले भारतीय. ती बोट गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. हे मुलांना ठाऊक हवं. नारळी पौर्णिमेला बोटीची पूजा करून नारळ वाहावा, किनारा थंड असला तरी. आणि पुरुषांनी बोट घेताना घरच्या बाईला विचारावं, कारण शनिवार तिचाही असतो.

*(संकलकाची टीप: नारळ जरूर वाहा, पण आधी पोहायला शिका. लाइफ जॅकेट अंगात हवंच. कलंडलेली होबी १६ सरळ करायला दोघांचं मिळून साधारण १३५ किलो वजन लागतं. सडपातळ जोडप्यानं तिसरा माणूस सोबत घ्यावा. पहिले काही महिने जवळच्या क्लबात दुसऱ्याच्या बोटीवर बसा, विकत घेण्याचं नंतर.)*

कॅनडा, आखाती देश आणि न्यूझीलंडमधून कुणीच लिहिलेलं नाही, विम्यावर तर कुणीही नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी गणपतीच्या आत मजकूर पाठवावा, मराठीत, दोन पानांत.