पद्मिनी उभी करायची असेल तर

हौसेनं जुनी गाडी उभी करायची म्हटलं की मुंबईत पहिलं नाव निघतं ते पद्मिनीचं. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून ती फियाट ११०० डिलाइट म्हणून बनत होती, १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी झाली. माझ्याकडची वडिलांची, ऐंशीच्या दशकातली. मुलुंडला राहून तिचं काम करून घेताना जे कळलं, ते ज्यांच्या मनात असा बेत आहे त्यांच्यासाठी लिहितो.

१. आधी कागद, मग पाना.
आरसी बुकावरचं नाव, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीशी जुळतात का, हे पहिल्याच दिवशी पाहा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. ती थकली असेल तर गाडी कितीही देखणी झाली तरी रस्त्यावर काढता येत नाही. गंज घासताना चेसिस नंबरच्या पट्टीवर ग्राइंडर फिरू देऊ नका. आरटीओत त्याचीच छाप घेतात. रंग किंवा इंजिन बदलणार असाल तर तीही नोंद करावी लागते. पन्नास वर्षं उलटलेल्या आणि मूळ रूपात राहिलेल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. तिचं शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षं. पण तशी गाडी रोज वापरता येत नाही. रविवारी सकाळी येऊरच्या डोंगरापर्यंत जाऊन यायचं असेल, तर साधी नोंदणीच बरी.

२. जागा ठरल्याशिवाय एक बोल्टही सैल करू नका.
उपनगरात खरी अडचण ही. पद्मिनी जेमतेम चार मीटर लांब, पण सुटी केली की तिप्पट जागा खाते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वेल्डिंग करता येत नाही, आणि करूही नये. पत्र्याचं काम गॅरेजमध्ये, इंजिन लेथवाल्याकडे, दरवाजे-काचा-सीटा घरात, अशी वाटणी आधीच लिहून काढा. प्रत्येक सुटा भाग पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, आणि काढण्याआधी मोबाइलवर फोटो.

३. इंजिनाची काळजी कमी करा, पत्र्याची जास्त.
१०८९ सीसीचं ते इंजिन साधं आणि सोशिक आहे. बोअर, रिंग-पिस्टन, हेडवर्क ही कामं करणारे अजून आहेत. खरा प्रश्न गंजाचा, आणि तोही जिथं दिसत नाही तिथला. या गाडीला वेगळी चेसिस नाही. बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून दरवाजाखालचे पट्टे आणि फ्लोअर कुजले की गाडीचा कणाच जातो. एका वयस्क मिस्त्रींनी मला परीक्षा शिकवली. “दादा, आधी जॅक लावा, मग दरवाजा उघडून बंद करून बघा.” दरवाजा अडला, फट वाकडी झाली, तर आतून पोखरलंय असं समजायचं. लांबी भरून वर रंग मारलेल्या गाडीवर लोहचुंबक फिरवा. जिथं तो चिकटत नाही तिथं लांबीचा जाड थर आहे, खाली पत्रा उरला नसेलही. फ्लोअर कापण्याआधी दरवाजांच्या चौकटीत आतून आडवे पाइप वेल्ड करून घ्या, नाहीतर नवा पत्रा लागेपर्यंत बॉडी बसते आणि मग दरवाजे जन्मभर लागत नाहीत.

४. पैसा आधी ब्रेकवर.
चारही चाकांना ड्रम. व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, पाइप सगळं नवं. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते जुनं रबर खातं आणि पाणी ओढतं, म्हणून पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा डायफ्रामही बदलाच. वायरिंग जोडत-जोडत चालवू नका. नवा हार्नेस टाका आणि फ्यूज बसवा.

५. मिस्त्री आहेत तोवर शिकून घ्या.
हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मुंबईत पद्मिनी इतकी वर्षं टिकली ती काळी-पिवळ्यांमुळे. टॅक्सी होत्या, म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, ऑपेरा हाउसला तिचे भाग मिळत. म्हणून नुसत्या आवाजावरून टॅपेट ओळखणारे हात होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहरात एकही नाही. हौशी माणसांच्या थोड्याशा गाड्यांवर कुणाचं गॅरेज चालत नाही. मिस्त्री म्हातारे झालेत, मुलं नव्या गाड्यांकडे वळलीत. कॉलमचे गिअर लावताना, कार्बोरेटर बसवताना शेजारी उभे राहा, विचारा, परवानगी घेऊन व्हिडिओ काढा. पार्ट विकत घेता येतो किंवा लेथवर करून घेता येतो. लिंकेज किती ताणायचं हे हाताला असतं, आणि ते कुठं छापलेलं नाही. मजुरीत घासाघीस मी करत नाही. तीस-चाळीस वर्षांच्या सरावाचे ते पैसे आहेत.

६. पावसाळा धरून वेळापत्रक आखा.
जून ते सप्टेंबर इंजिन टेबलावर, कागदपत्रं, भागांचा शोध. उघडा पत्रा या दिवसांत एका रात्रीत लाल होतो आणि ओल्या हवेत मारलेल्या रंगावर पांढरी झाक येते. पत्र्याचं काम दसऱ्यानंतर. त्यावर लगेच प्रायमर. रंग फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि रंगानंतर फ्लोअरखाली, दरवाजांच्या पोकळीत गंजरोधक मेण. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात. रंगारी ती बुजवतात. रंग वाळल्यावर तार घालून तेवढी मोकळी करून घ्या.