तिथी बघून निघ गं

बुऱ्हाणपूरकडच्या शाहपूरच्या पोरीला समुद्रातलं काय कळणार, हे तू फोनवर इतक्या रडवेल्या आवाजात म्हणालीस की मला हसूच फुटलं. अगं, रात्री दोनला लाइट येते म्हणून केळीला पाणी सोडायला उठणारी मुलगी तू. दुसऱ्याच्या वेळापत्रकावर जगायची सवय तुला आहेच. समुद्राचंही तसंच आहे बघ. त्याची वेळ त्याची, आपण तिच्यात बसायचं. बाकी मग सगळं सामानसुमान.

म्हणून पहिला नियम. कोकणात गेल्यावर "किती किलोमीटर आहे?" असं विचारत बसू नकोस, "पाणी कधी चढतं?" ते विचार. आपल्या डोक्यात अंतर असतं, कारण आपली वाट कुठे बुडत नाही. तिथे सकाळी कोरडा असलेला खडक दुपारी छातीभर पाण्यात असतो. हरिहरेश्वरचंच बघ. देवळामागून पायऱ्या उतरून डोंगराला वळसा घालणारी प्रदक्षिणेची वाट फार देखणी आहे, पण ती फक्त ओहोटीची. भरतीला लाटा थेट त्या कातळावर येतात आणि माणसं ओढली गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. अर्ध्या वाटेत पाणी वाढलं तर पुढे जाता येत नाही आणि मागेही फिरता येत नाही.

आता हे गणित लिहून घे. भिंतीवरच्या कॅलेंडरमधली तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची, की भरती किती वाजता ते निघतं. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारला पूर्ण भरती. त्याच्या सहा तास आधी, साडेदहाच्या सुमाराला ओहोटी. कोकणातले लोक पिढ्यान्‌पिढ्या हाच हिशेब करतात. अर्धा-एक तास इकडेतिकडे धर, म्हणजे झालं. आपल्याकडे शेजारच्या हिंदी पंचांगात महिना पौर्णिमेला बदलतो म्हणून गोंधळू नकोस, तिथी दोन्हीकडे तीच असते. रोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून काल आठला निघून मजेत परत आलो तर परवाही तसंच जमेल असं समजायचं नाही.

आणि पौर्णिमा-अमावास्या टाळ, खरं सांगू का. चांदण्यातला समुद्र म्हणून सगळ्या पोरी तेव्हाच जायचं म्हणतात. पण तेव्हा उधाण असतं, पाणी जास्त वर चढतं, आणि ओहोटी असते पहाटे पाचला. तू चहा-पोहे उरकून नऊला निघालीस तर पाणी तुझ्याबरोबरच वर येत राहणार. त्यापेक्षा पंचमी ते सप्तमी बघ. सकाळी उजेडात निघायचं, ओहोटीच्या दोन तास आधी, म्हणजे परत फिरताना हाताशी वेळ राहतो. हिशेब केलास तरी गावात कुणा कोळणीला किंवा गाबीत काकांना विचारल्याशिवाय खडकाकडे वळायचं नाही. "खंय चललंस गो?" असं ते स्वतःच विचारतील. लाजू नकोस, खरं खरं सांग.

कुठून सुरुवात करायची म्हणशील, तर तू मालवणला मुक्काम कर. एकदम समुद्राकडे धावू नकोस, आधी धामापूरचा तलाव. हा १५३० सालचा, विजयनगरच्या अमलातला. डोंगरांच्या मध्ये मातीचा बांध घालून पाणी अडवलंय, काठावर भगवती देवीचं देऊळ, चारी बाजूंनी गर्द झाडी. जुन्या सिंचन कामांना जो जागतिक वारशाचा मान मिळतो तो याला २०२० साली मिळाला. साचलेलं पाणी तुझ्या ओळखीचं आहे, तिथे पाय आणि बूट दोन्ही तपासून होतील. पण ओळखीचं म्हणून उतरायचं नाही हं! हतनूर धरणाच्या फुगवट्यात तू लहानपणापासून पाय बुडवलेस, तरी काठापासून चार पावलांवर किती खोल आहे ते तुलाही ठाऊक नसतं. इथेही तेच, आणि काठावरच्या ओल्या पानांवरून पाय सटकतो.

दुसऱ्या दिवशी तारकर्ली ते देवबाग. एकीकडे समुद्र, दुसरीकडे कर्ली नदी, मधे ही लांबलचक रेतीची पट्टी. सपाट आहे म्हणून सोपी वाटते, पण वाळूत पोटऱ्या भरून येतात. वर कोरड्या वाळूत चालू नकोस, ओल्या घट्ट पट्ट्यातून चाल. वाळूवर बारीक मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल, एका भोकाभोवती किरणांसारखी पसरलेली. वाकून बघ. छोट्या कुर्ल्या वाळूतलं खाणं चाटून उरलेल्या वाळूच्या गोळ्या करून टाकत असतात. भरती येते ती सगळं पुसून टाकते, म्हणून गोळ्या भरपूर असल्या तर तिथून पाणी हटून वेळ झालाय समज. आणि वर शेवाळ, शिंपले, काथ्याचे तुकडे यांची ओळ असते, तिथपर्यंत मागची भरती आली होती. पिशवी आणि चपला त्या ओळीच्या वर ठेवायच्या. माझी एक चप्पल अरबी समुद्राला वाहिलेली आहे, जोडी पुरी करायला तू जायची गरज नाही.

वाटेत लोक रापणीचं जाळं ओढत असतील तर दोर ओलांडू नकोस, थांब किंवा मागून जा. हात लावू का म्हणून विचारलंस तर हसून जागा देतील. नदीच्या मुखाशी मात्र पाण्यात उतरायचंच नाही, गुडघाभर दिसलं तरी. ओहोटीला तिथलं पाणी नदीसकट बाहेर ओढतं. पलीकडे भोगवे आहे, तिथे रस्त्याने वळसा घालून किंवा होडीने जा. भोगव्याहून निवतीच्या किल्ल्यावर चढ, वरून तो सगळा किनारा एका नजरेत मावतो. चढ तुला काहीच वाटणार नाही. इच्छापूरच्या देवीच्या पायऱ्या तू गप्पा मारत चढतेस. तरी जायच्या आधी दोन-तीन आठवडे रोज चढ-उतार कर, तेच बूट घालून. कोरे बूट प्रवासात घालणारीला मी ओळखते, ती आता शहाणी झाली आहे.

कपड्यांचं ऐक. जीन्स नको, ओली झाली की दोन दिवस वाळत नाही. आपला उन्हाळा पंचेचाळीसला जातो तरी घाम सुकतो, तिथे तीस-बत्तीसलाच अंग चिकचिकतं. मांड्या घासून सोलवटतात, कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. निघताना खोबरेल लाव आणि आत घट्ट लांब चड्डी घाल. कातळावर अनवाणी नको, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. शौचालय नाही म्हणून पाणी प्यायचं टाळतेस ना? ते तिथे चालणार नाही, चक्कर येईल. निघताना मुक्कामावर जाऊन ये, वाटेत देवळाजवळ किंवा एखाद्या घरी विचार, बायका नाही म्हणत नाहीत. पाळी येणार असली तरी बेत मोडू नकोस. पॅड आणि जुन्या वर्तमानपत्राच्या पुड्या ठेव, वापरलेलं परत आण, वाळूत पुरायचं नाही. खाण्याचं म्हणशील तर भाजके शेंगदाणे, शेव आणि बुऱ्हाणपूरचा थोडा दराबा घे. मासे खात नसलीस तरी उपाशी राहणार नाहीस, घावणे आणि सोलकढी आहेच.

आता आईचं. तिला "काही होत नाही" असं सांगू नकोस, त्याने ती जास्त घाबरते. कागदावर लिहून दे: मुक्काम कुठे, कोणत्या दिवशी कोणती वाट, परत किती वाजता. आणि त्या वेळेला फोन कर म्हणजे कर. एकटी जाऊ नकोस, मामेबहिणीला ने, ती कुरकुर करेल पण चालेल. मंगला एक्सप्रेस खंडवा-भुसावळ करत पनवेलवरून थेट कोकण रेल्वेला लागते. मालवणसाठी कुडाळ बरं पडतं, गाडीचा थांबा तिकीट काढताना बघून घे. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी बस मोबाइल घेऊन. पुढे महाराष्ट्राच्या एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्यासुद्धा बंद असतात, तिथे तू खडकांवर काय करणार?

तिकीट झालं की तारखा मला कळव, मी पाऊणपट करून बघते, तूही कर, दोघींची वेळ जुळली पाहिजे. आणि येताना माझ्यासाठी आमसुलं आण. कोकमाच्या आगळाची बाटली नको. ती बॅगेत सांडली की ओढणीचा डाग जन्मात जात नाही, माझी निळी ओढणी बघितलीस ना?