आधी शिष्य, मग शिक्षक
(तरुण संघासाठी अभ्यासपाठ)

शास्त्रपाठ : १ करिंथ १४:६-१९, प्रेषितांची कृत्ये २:१-११



शिक्षण संपल्यावर महिना-दोन महिने परदेशी जाऊन गरीब मुलांना विनावेतन इंग्रजी शिकवावे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात येते. इच्छा चांगली आहे. इंग्रजीवाचून किती दारे बंद राहतात हे आपण जाणतो. पण निघण्यापूर्वी स्वतःला विचारावे : त्या मुलांची भाषा मी शिकणार आहे काय?

१. मुलाच्या जागी बसून पाहा

परदेश दूर आहे. म्हणून आधी जवळचेच उदाहरण घेऊ. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, काळी नदीच्या जंगलमुलखात कुंभारवाडा हे गाव आहे. या भागातील कुणबी घरांत कोंकणी बोलतात. सरकारी शाळेत कन्नड असते, आणि कर्नाटकात २००७-०८ पासून पहिलीपासूनच इंग्रजी हा विषय आहे. म्हणजे सहा वर्षांच्या लेकरापुढे एकदम दोन नव्या भाषा येतात. ते गप्प बसले तर मंद म्हणू नये. त्याची बोली दाराबाहेर राहिली आहे, इतकेच.

अशा वर्गात कोणी परका भराभर इंग्रजी बोलू लागला, तर मुले गाणे पाठ म्हणतील, पण अर्थ कळणार नाही. अर्थ कळत नसेल तर बोलणारा व ऐकणारा एकमेकांना परकेच राहतात, आणि न समजणाऱ्या हजारो शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द बरे, असे पौल करिंथकरांस शिकवितो. जोयड्याचे कुणबी नाना जातींचे कंद पिकवितात. त्या मुलाच्या परसातील कंदाचे नाव आधी त्यालाच विचारा. मग इंग्रजी शब्द द्या. त्या दिवशी ते मूल शिक्षक झाले व तुम्ही शिष्य. पुढचा धडा मग सोपा जातो.

२. फॅरारबाईंचा कित्ता

मिस सिंथिया फॅरार १८२७ साली अमेरिकेहून मुंबईस आल्या. अमेरिकन बोर्डाने परदेशी धाडलेल्या पहिल्या काही अविवाहित स्त्रियांपैकी त्या एक होत. आपल्या भाषेचे वर्ग काढून त्या थांबल्या नाहीत. मराठी शिकून त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. आजारामुळे मध्यंतरी स्वदेशी जावे लागले, तरी त्या परत आल्या व १८३९ पासून अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) राहिल्या. तेथेच १८६२ साली त्यांचा अंत झाला. जोतीराव फुले यांनी त्यांची शाळा पाहिली, आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा उघडली. सावित्रीबाईंनीही बाईंजवळ अध्यापनाचे धडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. परकी बाई गेली. शिकविणारी माणसे मागे राहिली.

३. मागे काय उरते?

सर्वांना जन्मभर राहणे शक्य नाही. १९६१ साली स्थापन झालेल्या अमेरिकेच्या पीस कोअरनेही स्वयंसेवकांना आधी सुमारे तीन महिने स्थानिक भाषेसह तयारी व मग दोन वर्षे सेवा, असा नेम ठेवला. मग आपण चार आठवड्यांत काय करणार? एक गोष्ट करता येईल. वर्ग आपल्या हाती घेण्याऐवजी तेथल्या गुरुजींच्या किंवा बाईंच्या बाजूला उभे राहावे. त्यांचे उच्चार सुधारतील, चित्रे व पाठ तयार होतील, आणि आपण गेल्यावर शिकवणे चालू राहील. नाहीतर दर वर्षी नवा पाहुणा येतो, पुन्हा पहिल्या अक्षरापासून आरंभ होतो, आणि मुलांना लळा लावून निघून जातो. हा लळा तोडण्याचे दुःख मुलांच्याच वाट्याला येते.

पन्नासाव्या दिवशी आत्म्याने लोकांना एकच भाषा शिकविली नाही. प्रत्येकाला स्वतःच्या भाषेत ऐकू आले. सेवेचा क्रम हाच आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावाजवळ कोणत्या मुलांची घरची व शाळेची भाषा वेगळी आहे?
२. मी जावे, ही गरज त्यांची की माझी?
३. मी परत आल्यावर तेथे कोण शिकवील?

प्रार्थना : हे प्रभू, शिकविण्याआधी आम्हांला ऐकावयास शिकीव. आमेन.