चुकीच्या यादीला मिळालेला होकार

रावेर परिसरातील बोलीच्या शब्दांची सूची करावी असे आमच्या मराठी विभागात ठरले आणि संगणकाचे काम माझ्याकडे आले. शब्द पोस्टग्रेस या माहितीसंग्रह-प्रणालीत भरले. १९८६ साली बर्कले विद्यापीठात प्रा. मायकेल स्टोनब्रेकर यांनी हाती घेतलेल्या प्रकल्पातून ती वाढली. ती मोफत मिळते, हे आमच्या दृष्टीने विशेष!

अडचण 'ळ'ची होती. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो. संगणकाच्या संकेतांकांत मात्र तो 'ल'ला खेटून, 'व'च्या आधी बसला आहे. नुसत्या संकेतांकांवर सोडले तर क्रम लागतो: कापूस, केळी, केवडा, केशर, केस. आपल्याला हवे: कापूस, केवडा, केशर, केस, केळी. केळीच्या मुलखात केळीच चुकीच्या जागी! म्हणून क्रमासाठी मी वेगळा रकाना केला आणि पुढे चूक झाल्यास कळावी म्हणून चाचणीही लिहिली.

यासाठी पोस्टग्रेससोबत पीजी-रिग्रेस नावाचे साधन येते. एका फाईलीत आज्ञा, दुसरीत अपेक्षित उत्तर. साधन आज्ञा चालवते, उत्तर ताडून पाहते, जुळले तर 'ओके' म्हणते.

पहिला घोटाळा लहान होता. मी अपेक्षित उत्तर दुरुस्त करी, तरी चाचणी नापासच होई. शेवटी त्या फाईलीत मुद्दाम एक निरर्थक शब्द लिहिला. दाखवलेल्या फरकात तो शब्द उमटलाच नाही! म्हणजे ती फाईल वाचलीच जात नव्हती. हे साधन निकाल ठेवण्याच्या फोल्डरात आधी शोधते आणि तेथे न सापडले तरच मूळ फोल्डरात जाते. मूळ फाईलींना हात न लावता स्थानिक बदल करून पाहता यावेत, अशी त्यामागची सोय. निकालाच्या फोल्डरात माझीच एक जुनी प्रत पडून होती.

दुसरा घोटाळा मात्र सूची छापखान्यात घेऊन जाणारा होता. जुने, चुकीच्या क्रमाचे उत्तर आठवण म्हणून असावे, या विचाराने मी ते 'शब्द_१' या नावाने अपेक्षित उत्तरांशेजारीच ठेवले होते. मध्यंतरी नवे शब्द भरताना आज्ञेतून क्रमाचा रकाना माझ्याच हातून गळला. चाचणी चालवली, 'ओके'. मी निर्धास्त झाले.

मुद्रितावर नजर टाकताना सरांनी सहज विचारले, "केळी केवड्याच्या आधी कशी गं?"

कारण असे की, नावापुढे ० ते ९ पैकी आकडा जोडलेली फाईल शेजारी असली तर पीजी-रिग्रेस तिलाही ग्राह्य उत्तर मानते. मूळ उत्तर जुळले नाही तर ते या पर्यायांकडे वळते. एक जुळला तरी पुरे. ही सोय वावगी नाही. भाषा-प्रदेशाच्या मांडणीनुसार शब्दांचा क्रम बदलतो, म्हणून पोस्टग्रेसच्या स्वतःच्या चाचण्यांतही अक्षरांच्या चाचणीला अशी पर्यायी उत्तरे दिलेली आहेत. कोणते उत्तर जुळले, हे मात्र 'ओके'त दिसत नाही. मी ज्याला आठवण समजत होते, त्याला साधन परवानगी समजत होते.

'शब्द_१' काढून टाकली आणि चाचणी पुन्हा चालवली. ती नापास झाली. मग रकाना परत घातला आणि केळी 'केस'च्या खाली गेली.