ढगांच्या तळाची उंची

बेंगळूर शहरात अनेक हौशी निरीक्षक घराच्या गच्चीवर लहान हवामानकेंद्र बसवतात. तापमान व आर्द्रता यांच्या जोडीने त्यातील काही यंत्रे ढगांच्या तळाची उंचीही दाखवितात. वस्तुतः असे यंत्र आकाशाकडे पाहत नाही; ते केवळ गणित करते. म्हणूनच आकाश निरभ्र असतानाही त्याच्या पडद्यावर आकडा उमटतो.

या गणिताचे तत्त्व एकोणिसाव्या शतकात अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ जेम्स एस्पी यांनी मांडले. उन्हाने तापलेली हवा वर चढते, प्रसरण पावते आणि दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंश सेल्सिअसने थंड होते. ज्या तापमानास हवेतील बाष्पाचे जलकण होऊ लागतात, त्यास दवबिंदू म्हणतात. हवा वर जाताना दवबिंदूही उतरतो; परंतु किलोमीटरला जेमतेम १.८ अंशाने. दोहोंतील अंतर अशा रीतीने दर किलोमीटरला ८ अंशांनी, म्हणजे दर १२५ मीटरला एका अंशाने कमी होते. ते शून्य होते तेथे ढगाचा तळ असतो.

समजा, दुपारी तापमान ३० अंश व सापेक्ष आर्द्रता ५० टक्के आहे. तेव्हा दवबिंदू सुमारे १८.४ अंश येतो. फरक ११.६ अंशांचा, त्यास १२५ ने गुणले असता १,४५० मीटर हे उत्तर मिळते. ही उंची गच्चीपासूनची होय. बेंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचावर असल्याने समुद्रसपाटीपासून तोच तळ २,३७० मीटरवर असेल.

आता या उत्तरावर विश्वास किती ठेवावा? आर्द्रतामापक ५ टक्क्यांनी चुकला, तर वरील उदाहरणात दवबिंदू दीड अंशाने आणि ढगाचा तळ जवळजवळ दोनशे मीटरने सरकतो. तापलेल्या गच्चीमुळे तापमान ३ अंश अधिक नोंदले गेले, तर ढग ३७५ मीटर उंच भासतात. म्हणून यंत्र सावलीत व वारा खेळता राहील अशा जागी असावे.

याहून मोठी मर्यादा निराळीच आहे. हे सूत्र जमिनीवरून चढलेल्या हवेतून बनणाऱ्या, दुपारच्या कापसासारख्या राशिमेघांनाच लागू पडते. रात्री, पहाटे किंवा वाऱ्याबरोबर दुरून आलेल्या ढगांच्या थरांबाबत ते दिशाभूल करते. विमान उतरवताना अशी दिशाभूल घातक ठरेल. त्यामुळे विमानतळांवर लेसर किरण ढगावर सोडून, तो परतण्यास लागलेल्या वेळेवरून उंची प्रत्यक्ष मोजणारी यंत्रे वापरतात.

हौशी निरीक्षकास मात्र निसर्गानेच एक मोजपट्टी दिली आहे. शहराच्या उत्तरेस असलेल्या नंदी टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १,४७८ मीटरवर, म्हणजे शहराच्या पातळीहून साडेपाचशे मीटर उंच आहे. पायथ्याशी तापमान व दवबिंदू यांत साडेचार अंशांहून कमी फरक असेल, तर दुपारच्या राशिमेघांचा तळ माथ्यास टेकावयास हवा. तो टेकला की नाही, हे डोळ्यांनी पाहून गणिताचा ताळा करता येतो.