प्रवासाचा कागद

हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर उभे राहा आणि दक्षिणेला पहा. बाणकोटची खाडी दिसेल. ही खाडी म्हणजे सावित्री नदीचे मुख. इथे सावित्री समुद्राला मिळते.

मग ही नदी येते कुठून? ती येते महाबळेश्वरच्या डोंगरातून. जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेचे देऊळ आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्या तिथे उगम पावतात, असे लोक मानतात. दगडी गाईच्या मुखातून पाणी पडत असते. कृष्णा तिथून पूर्वेला जाते आणि पार बंगालच्या उपसागराला मिळते. आपली सावित्री पश्चिमेला वळते. डोंगर उतरून ती पोलादपूर आणि महाडवरून आपल्याकडे येते.

नदी वरून खाली येते. आपण खालून वर जायचं. देवदर्शनही होईल, नदीचा उगमही पाहता येईल. पण वाट लांबची आहे. श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव, महाड, पोलादपूर आणि मग आंबेनळी घाट. सारी मिळून वाट दीडशे किलोमीटरच्या आसपास भरते. म्हणून आधी तयारी केली पाहिजे.

आम्ही एकदा तयारी न करता निघालो होतो. बरोबर घरातली म्हातारी माणसं होती. कुठे गाडी बदलायची ते एकालाच ठाऊक, आणि तोच गर्दीत मागे राहिला. आम्ही पोलादपूरला पोचलो तो दिवस मावळला होता. वर जाणारी गाडी निघून गेली होती. आजीची रक्तदाबाची गोळी घरी फळीवर राहिली होती. ती रात्र आम्ही काळजीत बसून काढली. तहान लागल्यावर विहीर खणायला निघालं, की असंच व्हायचं.

तेव्हापासून आम्ही एक नियम केला. निघण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि प्रवासाचा कागद लिहायचा. तुम्हांला आता लिहिता येतं. मग दुसऱ्याच्या तोंडाकडे का पाहायचं?

कागदावर काय लिहावे?

पहिली ओळ गावांची. जी गावे वाटेत लागतात ती क्रमाने लिहा. जिथे गाडी बदलायची त्या गावाखाली रेघ मारा.

दुसरी ओळ वेळेची. एसटीच्या स्थानकावर जा. वेळापत्रकाचा फळा स्वतः वाचा आणि शंका आली तर चौकशीच्या खिडकीवर विचारा. जाण्याची वेळ तर लिहाच, पण परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ तिच्याआधी लिहा. जाताना सगळेच हुशार असतात. खोळंबा होतो तो परतताना.

तिसरी ओळ पैशांची. भाडे, जेवण, मुक्काम असा खर्च मांडा. त्यावर थोडी रक्कम अडीअडचणीसाठी धरा आणि ती वेगळ्या पुरचुंडीत बांधा. एसटीत ७५ वर्षांवरील माणसांना २०२२ सालापासून मोफत प्रवासाची सवलत मिळाली. महिलांना २०२३ सालापासून निम्मे तिकीट झाले. सवलतीसाठी कोणता पुरावा लागतो ते आधी विचारा आणि तो जवळ ठेवा.

चौथी ओळ सामानाची. औषधे सर्वांत वर लिहा. मग पाणी आणि शिदोरी. तांदळाची भाकरी आणि सुकी चटणी दिवसभर टिकते. गाडी लागत असेल तर घाटापूर्वी पोटभर जेवू नका. आवळकाठी किंवा लिंबू जवळ ठेवा.

आणखी एक गोष्ट. आपण किनाऱ्यावरची माणसं. आपल्याकडे थंडीची फारशी सवय नाही. महाबळेश्वर समुद्रापासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. हजार मीटर वर चढले की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. म्हणून खाली उकडत असले, तरी शाल आणि कानटोपी घ्याच.

पाचवी ओळ फोनची. घरचा नंबर लिहा. संकटात कोणतीही मदत हवी असेल तर ११२, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. मोबाइलमध्ये नंबर असतात खरे, पण बॅटरी संपली की ते काय कामाचे? कागदाची बॅटरी संपत नाही.

वाट वाचायला शिका

रस्त्याकडेचे दगडही वाचता येतात. दगडाचा माथा पिवळा असला तर तो राष्ट्रीय महामार्ग. माथा हिरवा असला तर राज्यमार्ग. दगडावर पुढच्या गावाचे नाव आणि किलोमीटरचा आकडा असतो. महाड ते पोलादपूर सुमारे १८ किलोमीटर आहे. हा मुंबई-गोवा महामार्गाचा भाग. पोलादपूरहून महाबळेश्वर सुमारे ४० किलोमीटर आहे, आणि ती सारी चढण. अठरा किलोमीटरला जेवढा वेळ लागला, त्याच हिशेबाने पुढचे चाळीस मोजू नका. घाटात गाडी सावकाश चालते, आणि तशीच चालली पाहिजे.

जीप ठरवून जाणार असाल तर आदल्या दिवशी चाके, ब्रेक आणि स्टेपनी पाहून घ्या. जागेपेक्षा जास्त माणसे भरू नका. चालकाला रात्रभर झोप मिळाली आहे ना, हे विचारायला लाजू नका. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची. नुसत्या ब्रेकवर उतरवली तर ब्रेक तापतात आणि ऐन वेळी लागत नाहीत.

सर्वांत मोठी ओळ

आता कागदाच्या तळाशी एक ओळ लिहा. ती मोठ्या अक्षरांत लिहा: पाऊस जोराचा असेल तर आम्ही जाणार नाही.

ही ओळ का लिहायची? ऐका.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीला मोठा पूर आला. महामार्गावरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल वाहून गेला. अंधारात ते कळले नाही. एसटीच्या दोन गाड्या आणि एक लहान गाडी माणसांसकट नदीत गेल्या. तिथे आता नवा पूल आहे. तो जून २०१७ मध्ये सुरू झाला.

२२ जुलै २०२१ ला तर आभाळच फाटले. घाटमाथ्यावर आणि खाली धो धो पाऊस पडला. महाड शहर पाण्यात बुडाले. महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. आंबेनळी घाटाचा रस्ताही दरडींनी बंद पडला.

जी नदी आपण पाहायला निघालो, तीच ही नदी. हिवाळ्यात तिच्या काठी बसून भाकरी खाता येते. आषाढ-श्रावणात तिला दुरूनच हात जोडावे.

घरी बसून विचार केला तर हे सर्वांना पटतं. पण गाठोडी बांधून झाली, मुलं नवे कपडे घालून बसली, की मन ऐकत नाही. "एवढे ठरवले आहे, जाऊ या की!" असे कोणीतरी म्हणतेच. त्या वेळी कागद काढायचा आणि शेवटची ओळ मोठ्याने वाचायची. ती ओळ आपणच लिहिलेली असते. म्हणून तिचा राग येत नाही. मागे फिरण्यात कमीपणा नाही. देऊळ कुठे जात नाही. नदीही कुठे जात नाही.

म्हणून पावसाळा सरू द्या. दिवाळी होऊ द्या. घाट उघडा आहे ना, हे स्थानकावर विचारा. मग कागद खिशात घालून निघा. कागदाच्या दोन प्रती करा. एक बरोबर न्या, एक घरी ठेवा. आपली माणसं कुठवर गेली असतील, हे घरच्यांनाही वाचता येईल.

करून पहा

१. तुमच्या गावापासून महाबळेश्वरपर्यंतची गावे क्रमाने लिहा.

२. जवळच्या स्थानकावर जाऊन परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ लिहून आणा.

३. तुमच्या घरातल्या कोणाला रोजची औषधे लागतात? त्यांची नावे पाहून लिहा.

४. कागदाची शेवटची ओळ तुमच्या शब्दांत लिहा आणि घरच्यांना वाचून दाखवा.