थायरॉईडची गोळी आणि बाकीची औषधे



आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुले, भाचे, पुतणे ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कामाला आहेत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही एक. गावाकडे दुखणे हटले नाही की आई-वडिलांना मुलाकडे पाठवायचे, ही आपली जुनी रीत. कामगार विमा योजनेत कामगारावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही उपचार मिळतात, हेही त्यामागचे कारण.

आमच्या गटातील एका सभासदाची आई अशीच तिकडे गेली. मधुमेह, रक्तदाब, अंगात रक्त कमी आणि त्यात थायरॉईड. अंग सुजल्यासारखे, सारखी झोप, थंडी सोसत नाही, पोट साफ नाही. थायरॉईडची गोळी तीनदा वाढवली, तरी फरक नाही. तिथल्या डॉक्टरांनी एकच विचारले, "आजी, गोळ्या कशा घेता?" म्हातारी म्हणाली, "चहाबरोबर सगळ्या एकदम घेते बघा. एकेक कुठं ध्यानात राहतंय?" दुखण्याचे मूळ तिथेच सापडले.

ही ग्रंथी करते काय?

गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. तिचा रस, म्हणजे थायरॉक्सिन, शरीराच्या सगळ्या कामाचा वेग ठरवतो. मेंदूखालची दुसरी एक ग्रंथी तिचा मुकादम. मजूर ढिला पडला की मुकादम जोरात ओरडतो. हे ओरडणे म्हणजे रक्ततपासणीतला टी.एस.एच. म्हणून तो आकडा वाढला, तर बहुतेक वेळा ग्रंथीचे काम कमी पडले असे समजावे. गोळीने तेच थायरॉक्सिन बाहेरून द्यायचे असते.

गोळी वाया का जाते?

चुनखडीच्या जमिनीत स्फुरद टाकला तर तो बांधला जातो, उसाला मिळत नाही, हे आपण जाणतो. पोटातही तसेच घडते. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्या आणि पित्तावरची काही औषधे थायरॉक्सिनला धरून ठेवतात. दूध, चहा, कॉफी, सोयाबीन यांनीही गोळी कमी लागू पडते. तेव्हा,

१) सकाळी उपाशीपोटी, फक्त साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी. चहा-न्याहारी अर्ध्या ते एक तासाने.

२) कॅल्शियम, लोह व पित्ताचे औषध यांत चार तासांचे अंतर ठेवावे. लोहाची गोळी दुपारी, कॅल्शियम रात्री, असे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

३) गोळ्या चुलीजवळ किंवा ओलीत ठेवू नयेत.

दुसरे आजार असतील तर

हृदयविकार असलेल्यांना व वयस्करांना ही गोळी थोड्या मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. एकदम जास्त झाली तर छातीत धडधड, घाम, हातांना कंप, कधी छातीत दुखणेही होते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरीनचा जोर थायरॉईडच्या गोळीने वाढतो, रक्तस्राव होऊ शकतो. मधुमेहाच्या औषधाची गरजही बदलू शकते, म्हणून साखर तपासत राहावी. क्षयावरील रिफाम्पिसिन व फिटवरील काही औषधांनी थायरॉक्सिन जास्त लागते. सुनेला किंवा लेकीला हा विकार असून दिवस राहिले, तर लगेच डॉक्टरांना कळवावे. त्या काळात मात्रा बहुधा वाढवावी लागते आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीचा प्रश्न असतो.

काही जण म्हणतात, "मीठ जास्त खा, थायरॉईड बरा होतो." हे ऐकू नये. खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या मिठात आयोडीन असणे २००६ पासून देशभर सक्तीचे आहे. आता मोठ्या माणसांत हा विकार बहुधा शरीराची संरक्षणशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटल्याने होतो. जादा मिठाने रक्तदाब तेवढा वाढेल.

घाई नको

खत टाकून दुसऱ्या दिवशी कोणी उसाचे पेरे मोजत नाही. या गोळीचेही तसेच. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करावी. बरे वाटले म्हणून गोळी बंद करू नये. ती बहुतेकांना जन्मभर लागते.

त्या आजींचे पुढे काय झाले? डॉक्टरांनी वेळा बदलल्या, पण त्याआधी वाढवलेली मात्रा कमी केली. "ही सगळी अंगी लागली तर हृदयावर ताण येईल," असे ते म्हणाले. म्हणजे हा लेख वाचून ज्यांनी वेळ बदलायची ठरवली असेल, त्यांनीही आधी डॉक्टरांना सांगावे. आपणहून मात्रा कमी-जास्त करू नये.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या औषधांची पाकिटे एका पिशवीत घालून न्या, वैद्याच्या पुड्या आणि ताकदीच्या गोळ्यासुद्धा. उसाची नोंद वेळेवर केली तर तोड वेळेवर मिळते. औषधांची नोंदही तशीच ठेवावी, ही विनंती.